बहिणीचं बटण

आमच्या नगरच्या लॉ कॉलेजात वारसा कायदा शिकवणारे सर माझ्या ग्रंथालयात तास घेतात, कारण मोठं सपाट टेबल तिथेच आहे. पुठ्ठ्यावर त्यांनी एक शेत काढलंय: विहीर, बांध, रस्ता. चार काळी बटणं म्हणजे भाऊ, पांढरं म्हणजे बहीण. फासा टाकून वाटणी करायची.

पोरं पहिल्याच फेरीत बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतात. सर हरकत घेत नाहीत. नियम एवढाच, की सही करणाऱ्याने उठायचं नाही. शेवटपर्यंत बसून बघायचं.

माझे वडील जाऊन दोन महिने झाले होते. भावाने दिलेलं हक्कसोडपत्र माझ्या खणात होतं, संध्याकाळी सही करून द्यायचं होतं. त्या दिवशी बहीण होणारी विद्यार्थिनी आली नव्हती.

"मॅडम, बहीण व्हा," सर म्हणाले.

"ताई, करा की सही," पाथर्डीचा एकजण म्हणाला. "दिवाळीला लई भारी साडी घिऊ."

सगळे हसले. माझा भाऊही साडीचंच बोलला होता. मी पांढरं बटण मुठीत धरलं, पुठ्ठ्यावर ठेवलंच नाही.

"मॅडमचा डाव आहे, थांबा," सर म्हणाले.

तास संपेपर्यंत सगळे थांबले.

सर बटणं नेहमी मोजून डब्यात टाकतात. एक कमी भरलं तर वर्गाला टेबलाखाली शोधायला लावतात. त्या दिवशी त्यांनी चार टाकली, माझ्या मुठीकडे पाहिलं आणि "पाच," म्हणून झाकण लावलं.

कागद मी सही न करताच भावाला परत दिला. पुढच्या तासाला बहिणीच्या जागी चिंचोका होता.