दोन पेरं खोल

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की चहाची भांडी उचलून झाल्यावर स्वयंपाकघरातलं टेबल ओल्या फडक्याने पुसलं जायचं आणि रीडिंगकाका त्यावर आलेखाचा कागद पसरायचे. वीजखात्यात चौतीस वर्षं घरोघरची मीटरं वाचण्यात गेली, म्हणून अख्खी गल्ली त्यांना रीडिंगकाका म्हणे. खरं नाव आता बहुधा पेन्शनच्या पासबुकावरच उरलं होतं. घरामागची जागा अठरा फूट बाय अकरा, आणि तिच्यात पाच वाफे. पुढच्या वर्षी कुठल्या वाफ्यात काय, किती अंतरावर, किती बिया, हे सगळं ते पट्टी लावून आखायचे. समोरच्या खुर्चीत बायको मटार सोलत बसायची आणि ओळीओळीला हुंकार भरायची.

"पहिला वाफा टोमॅटो. बारा."

"हं."

"दुसरा मिरची, बारा. तिसरा वांगी, नऊ."

"हं."

"चौथा झेंडू. पाचव्यात भिंतीकडेला घेवडा, सोळा."

"हं."

"बी दोन पेरं खोल."

इथे मात्र ती गॅसवरचं दूध बघायला उठायची.

नकाशा झाला की वही निघायची. पेरणीची तारीख, बिया किती, उगवल्या किती. बावीस वर्षांची नोंद होती तिच्यात, आणि जवळजवळ दर पानावर बाराला बारा. नोकरीत काकांनी कधी मीटर न बघता आकडा टाकला नव्हता. घराला कुलूप असलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, कुत्रं अंगावर आलं तरी जायचे. त्यामुळे वहीतल्या आकड्यांवर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. बोलायला ते बुजरे. पण बियांचा विषय निघाला की मान वर व्हायची. "विकतचं रोप म्हणजे दुसऱ्याचं पोर," म्हणायचे. "बी आपण पेरावं. आणि एक सांगतो, त्याच्यावर पहारा देऊ नये. बी लाजाळू असतं. दोन दिवस पाठ फिरवा, उगवलंच समजा."

हा त्यांचा शोध अनुभवातला होता. नोकरीत दर महिन्याला दोन दिवस बाहेरगावचं रीडिंग असायचं. जाताना काळी माती सोडून जावं आणि परत यावं तर ओळीने बारा रोपं, दोन-दोन पानं उघडून उभी! निवृत्तीनंतर बाहेरगाव सुटलं, तेव्हा ते पेरणीनंतर तीन आठवड्यांनी मुद्दाम दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहू लागले. बहीण म्हणायची, "दादा, तू मला भेटायला येतोस की बियांना एकांत द्यायला?"

मागच्या डिसेंबरचा नकाशा बायकोच्या समोरच काढलेला. त्यानंतर पंधरा दिवसांत छातीत दुखायचं निमित्त होऊन ती गेली. लोक भेटायला येऊन गेले, घर गप्प झालं, आणि काकांनी कागदाबरहुकूम बी पेरलं. दोरी लावून, एकेक खड्डा बोटाने मोजून, दोन पेरं. तीन आठवड्यांनी बहिणीकडेही जाऊन आले. परत आले ते पायातल्या चपलांसकट थेट मागच्या दारी.

माती जशीच्या तशी. टोमॅटो शून्य. मिरची एक, तीही आडवी पडलेली. वांगी शून्य, झेंडू शून्य. फक्त भिंतीकडेला घेवडा आला होता, सोळाला चौदा. पण घेवड्याचं काय कौतुक! तो कुणाच्याही हाताने येतो, असं काकांचं मत होतं.

त्यांनी दुसऱ्यांदा पेरलं, तिसऱ्यांदा पेरलं. शेजारचे टेलर कुंपणावरून म्हणाले, "काय रीडिंगकाका, यंदा मीटर बंद का?" काका हसले. मग आत जाऊन बराच वेळ तळहात बघत बसले. हाताचा गुण ती सोबत घेऊन गेली, एवढंच त्यांना समजलं.

वर्ष तसंच सरलं. मुलगा वाईट नव्हता, पण त्याला मागच्या जागेत स्कूटर ठेवायची होती, सुनेला कपडे धुवायचं यंत्र. "बाबा, तुमचे गुडघे बघा," तो म्हणाला. "आणि तसंही काही येत नाहीये. फरशी घालून टाकू. माणूस एक तारखेला येतोय. तुमची हरकत असेल तर एकतीसपर्यंत सांगा, तसं त्याला कळवतो."

"हरकत कसली," काका म्हणाले.

तीस तारखेला त्यांनी रिकाम्या कुंड्या गोळा केल्या. फेकवेनात, म्हणून बायकोच्या निळ्या पिशवीत भरून ते बाजारामागच्या रोपवाटिकेत निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच. तिथली बाई पन्नाशीची, कमरेला पदर खोचलेली, पाइपाने रोपांवर पाणी मारत होती. काका पाच मिनिटं नुसते उभे राहिले.

"बोला काका. उन्हाचं कसं येणं केलंत?"

"कुंड्या... जुन्या आहेत. पैसे नकोत. ठेवून घ्याल का?"

तिने कुंड्यांकडे पाहिलंच नाही. तिची नजर पिशवीवर होती. निळी पिशवी, एका बंदाला लाल दोऱ्याची शिवण.

"ही तुमच्याकडे कशी? ही आमच्या बाराच्या बाईंची."

"माझी बायको," काका म्हणाले. "गेल्या जानेवारीत गेली."

बाईने पाइप खाली टाकला. पाणी तसंच वाहत राहिलं. "तरीच," ती म्हणाली. "म्हटलं, वीस-बावीस वर्षांत कधी चुकल्या नाहीत. बसा, त्या स्टुलावर बसा. म्हणजे मोजणारे ते तुम्हीच!"

"मोजणारे?"

"हो ना. बारा टोमॅटो, बारा मिरची, नऊ वांगी, झेंडू. आणि रोप कसं, तर नुकतं दोन पानांवरचं. मी म्हणायची, बाई, जरा मोठं न्या, तगेल तरी. तर म्हणायच्या, नको ग, आमच्याकडे पट्टीने मोजतात." ती हसली, आणि काकांचा चेहरा बघून हसू आवरलं. "एकदा टोमॅटोची दहाच निघाली. मला वाटलं रागावतील. तर म्हणाल्या, बरं झालं, सारखं बाराला बारा म्हणजे संशय येईल."

काकांना ते पान आठवलं. बाराला दहा. शेजारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात कारण लिहिलं होतं : थंडी जास्त.

त्यांनी विचारलं, "घेवडा?"

"घेवडा कधीच नाही नेला. तो घरी येतो म्हणायच्या."

"मला सांगितलं का नाही तिने?"

"मीही विचारलं होतं. एकदा सांगून पाहिलं, एवढंच म्हणाल्या." बाईने नळ बंद केला. "काका, बारीक बी किती खोल घालता?"

काकांनी तर्जनी पुढे केली आणि दुसऱ्या पेरावर अंगठा टेकवला.

"अगं आई! तिथनं कसं वर येईल ते बिचारं?"

घरी येईपर्यंत त्यांना सगळं आठवलं. बागेचं पहिलंच वर्ष. मातीत उकिडवे बसलेले ते, आणि मागे उभी ती. "एवढं खोल नका हो पुरू, गुदमरेल." त्यांनी खुरपं तिथेच टाकलं होतं. "मग तूच कर," म्हणाले होते. आठ दिवस मागच्या दारी गेले नाहीत, जेवताना शब्द काढला नाही. भाजीत मीठ नव्हतं तरी मागितलं नाही. नवव्या दिवशी राग विसरले आणि पुढे प्रसंगही विसरले. तिने मात्र बावीस वर्षं तो लक्षात ठेवला, आणि दर वर्षी मातीत गुडघे टेकून, त्यांच्याच दोरीच्या खुणांवर रोपं लावत राहिली.

एकतीसला संध्याकाळी त्यांनी टेबल स्वतः पुसलं. वही काढली. पेन्सिलीने उगवल्याच्या रकान्यातला एकेक आकडा खोडत गेले. न बघता टाकलेलं रीडिंग ते रीडिंग नव्हे, मग ते कितीही वर्षांचं असो. टोमॅटो खोडला, मिरची खोडली, वांगी, झेंडू. थंडी जास्त, हेही खोडलं. प्रत्येक पानावर तळाशी घेवडा तेवढा राहिला. चौदा, पंधरा, सोळा, चौदा. तेवढं त्यांचं होतं.

मुलगा दारात आला. "बाबा, मग उद्या बोलावू ना त्याला?"

"बोलाव. पाचव्या वाफ्यावर फरशी घाल. स्कूटर मावेल."

"घेवडा काढायचा? अहो, तेवढा एकच येतो ना!"

"तो माझा आहे, मी देतोय. बाकीच्या चारांना हात लावायचा नाही."

"पण तिथे काहीच..."

"ते तुझ्या आईचे आहेत."

काही विचारावं असं मुलाच्या तोंडावर आलं होतं, पण बापाला असं काही विचारायची त्या घरात सवय नव्हती. "बघा बुवा," म्हणून तो आत गेला. यंत्र बसणार नाही म्हणून आतून सुनेचा आवाज चढला, मग उतरला.

काकांनी आलेखाचा कागद पसरला. चार वाफे आखले. पाचव्याची जागा कोरी सोडली.

"पहिला वाफा टोमॅटो, बारा," ते हळूच म्हणाले. "दुसरा मिरची, बारा."

मग पुडीतली टोमॅटोची एक बी त्यांनी तर्जनीच्या नखावर ठेवली. बावीस वर्षं पेरून ती एवढीशी असते हे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. रोपवाटिकावाल्या बाईने सांगितलं होतं, वर माती नुसती भुरभुरवायची.

"खोल... अर्धं नख," ते म्हणाले, आणि पेन्सिल कागदावर टेकवून थांबले.

गॅसवर दूध नव्हतं. समोरची खुर्ची आत सरकवलेली होती. बरोबर की चूक, ते आता तीन आठवड्यांनीच कळणार होतं, तेही इथेच बसून. या वेळी बहिणीकडे जायचं नव्हतं.

त्यांनी अर्धं नख लिहिलं. वहीच्या नव्या पानावर उगवल्या किती, तो रकाना रिकामा ठेवला.