श्वास सुटला, कापूस सुटेना

मंडळी, सकाळचं रक्त अजून माझ्या नखात आहे.

अमरावतीच्या बाजारात दलालाच्या माणसानं आमच्या गाडीत हात खुपसला. "बुढ्या, वजनासाठी कापसावर पानी मारलं न रे?"

माझा पुतण्या महादू भडकला. गाडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, उपसून त्यानं त्या माणसाचं डोकंच फोडलं. दुसरा घाव घालणार, तोच मी ओरडलो, "महादू, श्वास सोड!"

रोज पहाटे तुमच्यासारखाच माझ्यासंगं प्राणायामाले बसतो तो. सवयीनं श्वास सुटला, उभारी खाली आली.

मी गाडीतला कापूस ओरबाडून जखमेवर दाबला. महादू कळवळला, "काका, काहून नासवता? विलायतेले चालला तो, सोन्याचा भाव आहे!"

कापूस कोरडाच होता. रक्त भराभर प्यायला.

श्वास सोडायचा सराव आपण रोज करतो, बाप्पा. बाकीचं सोडायचा कधी करतो?