उद्धाराचा अर्थ
कोऱ्या जीन्सचा उग्र वास आला की आजही माझं डोकं फिरतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्याच्या वरच्या खोलीत आमचा बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग भरायचा. खालून मशिनींची घरघर यायची, बाकांवर निळी धूळ बसायची. एका संध्याकाळी शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, “उद्धार म्हणजे काय?” खाली धागे कापणारी एक बाई त्या दिवशी पहिल्यांदाच वर्गाला आली होती. ती चटकन म्हणाली, “जरा लेट झालं की शेठ आमच्या आईबापाचा करतो, तोच ना?” सगळा वर्ग खो खो हसला. सर मात्र भडकले. “देवाच्या वचनाची थट्टा करतेस? आईबापांनी हेच शिकवलं का तुला?” निळ्या बोटांनी पदर सावरत ती जिना उतरली, ती परत आलीच नाही. अरे, थट्टा कुठे केली होती तिने? त्या शब्दाचा तेवढाच अर्थ तिच्या वाट्याला आला होता. दुसरा शिकायला ती जिना चढून आली, तर सरांनी तिला पुन्हा पहिलाच शिकवला! आता तो वर्ग मी घेते. उद्धाराचा धडा आला की आधी सांगून टाकते, त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होते.