तिसरं पाणी

"बसा हो, पानं अजून संपलेली नाहीत."

मी उठायला लागलो की समोरच्या फ्लॅटमधले काका हे म्हणायचेच. वाक्य संपेपर्यंत किटली पुन्हा शेगडीवर गेलेली असायची. असा एखादा शेजारी तुमच्याही पाहण्यात असेल. पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत ते एकटेच राहायचे. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झालेली, आणि स्वतः प्यायचे बिनसाखरेचा ऊलाँग. ना धड हिरवा, ना धड काळा, असा तो मधला चहा. "जन्मभर पुरेल एवढी साखर पाहिलीय," म्हणायचे.

ॲसिडिटीमुळे मीही त्या वाटेला लागलो. खरेदीला तेच मला बुधवार पेठेत घेऊन गेले. मी थेट महागड्या डब्याला हात घातला.

"आधी पन्नास ग्रॅम घ्या. नाही आवडला, तर पश्चात्तापही पन्नास ग्रॅमच होईल."

मग काकांनी गोळ्यांसारखी वळलेली पानं माझ्या तळहातावर ठेवून वास घ्यायला लावला. मला गवताचा आला. घरी येऊन मी आलं-दूध घालून तो खळखळून उकळला. काकांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"अहो, चहा केलाय की त्याला शिक्षा केलीय?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी माझी शिकवणी सुरू झाली. पाणी उकळलं की जरा थांबायचं, चमचाभर पानांवर ओतायचं, मिनिटभरानं गाळायचं. पानं तीच, पाणी नवं, असं पाच वेळा. हा चहा पुणेकरांनी शोधला नाही याचंच मला नवल वाटलं.

पण पाच पाणी म्हणजे चांगला तासभर. मी दुसऱ्यालाच घड्याळ बघायचो.

"खरी चव तिसऱ्याला येते, आणि तुम्ही नेमके तेव्हाच उठता." एकदा तर सरळच म्हणाले, "ही गेल्यापासून लोक येतात, साधा चहा घेतात, पाच मिनिटांत जातात. म्हणून हा धरला."

ऐकून मला वाईट वाटलं. तरी पुढच्या रविवारी "भाजी आणायचीय" म्हणून मी दुसऱ्यालाच उठलो.

उन्हाळ्यात मुलगी त्यांना कायमची बंगळुरूला घेऊन गेली. निघताना त्यांनी उरलेला पुडा माझ्या हातात ठेवला. बसा मात्र म्हणाले नाहीत.

परवा रविवारी मी एकट्यानंच केला. तिसऱ्या पाण्याला पानं पुरती उलगडली आणि कपातून फुलांचा मंद वास आला. काका खरंच सांगत होते. मला स्वतःची लाज वाटली. फोन लावला.

"काका, तिसरा घेतोय."

ते म्हणाले, "आता भाजीला पळू नका. अजून दोन आहेत."