पुस्तक कुठून उघडायचं

क्युबातल्या सांता क्लारा गावच्या सिगारच्या कारखान्यात एनेइदा मोर्फी वाचनाचं काम करायची. सिगार वळणाऱ्यांचे हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे. म्हणून दालनाच्या एका टोकाला चौथरा, त्यावर खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसून सकाळी वर्तमानपत्र व दुपारी पुस्तक वाचून दाखवणारं माणूस. ही जागा साहेबलोक भरत नाहीत, वळणारे मत देऊन भरतात. एनेइदाला त्यांनी ऐन तारुण्यात निवडलं आणि साठी उलटली तरी खाली उतरवलं नाही. वाचन आवडलं की सगळे तंबाखूचं पान कापायची सुरी फळीवर वाजवतात आणि दालन खणखणून जातं. नाही आवडलं, तर सुरी जमिनीवर टाकून देतात. तिच्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

नवरा लवकर वारला. एकुलता एक मुलगा युनिएल याच दालनात वळायला बसायचा. त्याचा हात चांगला होता. वाचताना तिने मान वर केली की तो समोर दिसायचा, आणि एवढ्यावर तिचं आयुष्य बरं चाललं होतं.

अलीकडे मात्र फळ्या रिकाम्या पडू लागल्या होत्या. आज हा दिसला नाही, उद्या ती. "ज्वालामुखी बघायला गेला," असं लोक हसत सांगायचे. निकाराग्वाला जायला व्हिसा लागत नाही, तिथे ज्वालामुखीही आहेत. पण बघायला कोणी थांबत नाही. विमानतळावरूनच जंगलातून, ट्रकमधून, उत्तरेकडे, अमेरिकेच्या वाटेला.

सप्टेंबरच्या अखेरीस एके दिवशी अंगणातली मोटरसायकल दिसेना.

"गाडी कुठाय रे?"

"विकली."

"कशाला?"

"आई, कशाला ते तुला ठाऊक आहे. उगाच विचारू नकोस."

तिने त्याच्यापुढे भात आणि काळा घेवडा ठेवला. "वाटेत माणसं मरतात, युनि."

"आणि इथे वीज नाही, औषध नाही, पाव नाही. इथे काय करतात?"

एक मात्र तिच्या हातात होतं. हा अजून काही दिवस रोज तिच्या आवाजाच्या टप्प्यात बसणार होता.

ऑक्टोबर आला की दालनात चे गेव्हाराबद्दल काहीतरी वाचायचं, हा रिवाज. त्याची हाडं याच गावात आणून ठेवली आहेत. त्याला वगळून चालत नाही. यंदा सगळ्यांनी एका जाडजूड चरित्राला मत दिलं. कुठून सुरुवात करायची, हे एनेइदा नेहमी दालनाला विचारायची. तरुणांना डोंगरातल्या लढाया हव्या असायच्या. म्हाताऱ्यांना चेने आपलं गाव जिंकल्याची गोष्ट हवी असायची, कारण ती त्यांच्या बापांनी डोळ्यांनी पाहिलेली. यंदा तिने कोणाला विचारलं नाही.

रविवारी ती पुस्तक घेऊन दारात बसली. हा माणूस घरी थांबला, असं एखादं पान तिला हवं होतं. ते सापडेना. जिथे उघडावं तिथे तो निघालेला. आईबापांना सोडून, मग मेक्सिको सोडून, मग क्युबा, बायको, लेकरं सोडून. इतकी वर्षं ती हे वाचत आली होती आणि तिला ते कधी खटकलं नव्हतं. शेवटी तिला एक पान मिळालं. तिकडे अर्जेंटिनात आई मरणाला टेकली आहे, आणि मुलगा आफ्रिकेच्या जंगलात. बातमी त्याच्यापर्यंत उशिरा पोचते.

सोमवारी तिने तिथूनच वाचायला घेतलं. वीज नव्हती, ध्वनिक्षेपक बंद. ती छातीतून आवाज काढून वाचत होती. वाचता वाचता युनिएलकडे बघत होती. तो मान खाली घालून वळत राहिला.

एक सुरी जमिनीवर पडली. ती दिग्नाची होती. दिग्ना पहिल्या रांगेत बसायची. तिच्या दोन्ही मुली अमेरिकेत, टँपाला. "एनेइदा, हे कुठून काढलंस गं मधूनच?"

"पुस्तकातच आहे, दिग्ना."

"पुस्तकात हजार पानं आहेत. माझ्या पोरी फोन करतात, 'आई, बरी आहेस ना?' मी म्हणते, 'अगदी ठणठणीत.' आणि तू भर दुपारी मला माझं मरण वाचून दाखवतेस? तुझ्या पोराला काय सांगायचंय ते घरी सांग ना, बाई!"

मग आणखी एक सुरी पडली. मग किती पडल्या ते तिला कळलं नाही. त्या दालनात पोर परदेशी नाही असं घर उरलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. सगळे थांबले तेव्हा मागून मुकादम रेमिहिओ हळूच म्हणाला, "बाई, पहिल्यापासून वाचा. लहान असतानाचं."

तिने पहिलं पान काढलं. दमा असलेलं पोर, रात्रभर उशाशी बसलेली आई. सुऱ्या उचलल्या गेल्या, काम सुरू झालं.

घरी जाताना युनिएल म्हणाला, "शाळेत रोज सकाळी हात कपाळाला लावून काय म्हणायला लावायचे? 'आम्ही चेसारखे होऊ.' म्हटलं नाही तर तू रागवायचीस. मग? तो काय घरी बसला होता?"

"तो काहीतरी करायला गेला होता."

"मीही काहीतरी करायलाच चाललोय, आई. पोट भरायला."

शुक्रवारी तो गेला. बॅगेत तिने पेरूच्या वड्या घातल्या. त्याने त्या काढून टेबलावर ठेवल्या. वजन होईल म्हणाला. ग्वाटेमालाच्या हद्दीवरून एक निरोप आला, त्यानंतर नाही.

पुस्तक पुढे सरकत राहिलं. महिन्याच्या अखेरीला चे घर सोडतो ते स्टेशनचं पान आलं. मुलगा गाडीत चढला आहे, आई फलाटावर उभी आहे, हा आता परत येत नाही हे तिला कळून चुकलं आहे. एनेइदा पाणी प्यायली.

"आला का गं फोन?" दिग्नाने विचारलं.

एनेइदाने नकारार्थी मान हलवली.

"मग राहू दे ते पान. पुढचं वाच."

"पुढे तरी काय आहे, दिग्ना?" ती म्हणाली आणि तेच पान वाचू लागली, सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तशा सपाट आवाजात. कोणी सुरी वाजवली नाही, कोणी टाकलीही नाही.