चिठ्ठीमामांचं पान एकसष्ट

अमुक माणूस वारला असं कोणी चिठ्ठीमामांना येऊन सांगितलं, तर "अरेरे" म्हणायच्या आधी ते विचारायचे, "कोणं सांगतलं?" नाव कळलं की पुढचा प्रश्न, "त्यानं पाह्यलं का आयकलं?" ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं, कुठे ऐकलं. या चौकशीत कधी कधी मयत उरकून लोक आंघोळ करून घरी आलेले असायचे. आमच्या अमरावतीत म्हणत, यमदूत जरी मामांच्या दारात आला तरी मामा त्याला उंबऱ्याबाहेर उभा करून विचारतील, "तुले कोणं धाडलं?"

मामा कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. संध्याकाळी राजापेठेतल्या एका खोलीत मराठी टाइपरायटरवर लोकांचे प्रबंध टाइप करून देत. शिक्षण सातवीपर्यंत, पण प्रबंध लिहिणाऱ्या निम्म्या विद्वानांना आपण काय वाचलंय हे मामांकडूनच कळायचं. त्यांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत चिठ्ठ्या असत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या, सगळ्या एका मापाच्या. मांडवात गेल्यावर नवरा-नवरी बघायच्या आधी ते पत्रिका उलटी करून बघत. पाठीमागे काही छापलेलं असलं की तोंड कडू व्हायचं. "गणपती समोर छापला, तं मांगं कायले पाह्यजे होता?"

प्रत्येक चिठ्ठीवर चार ओळी. काय सांगितलं. सांगणार कोण. ठिकाण कोणतं. आणि चौथी ओळ : पाहिलेलं की ऐकलेलं. ही चौथी ओळ रिकामी असलेली चिठ्ठी ते पेटीत जाऊ देत नसत. पेटी म्हणजे साबणाचं लाकडी खोकं. त्यात अ पासून ज्ञ पर्यंत पुठ्ठे उभे केलेले.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत ते मी हळूहळू विसरत गेले. वकिलाची मुलगी, एम.ए.ला पहिली आलेली. विद्वान दिसावं म्हणून नंबर नसताना चष्मा लावायची. प्रबंधाचा विषय मोठ्या हौसेनं घेतला होता : वऱ्हाडातल्या कापूसकामाची बोली. आता गंमत अशी, की कापूस मी तोवर फक्त गादीत पाहिला होता. मामांनी विषय ऐकला, माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पुस्तकातून कापसाची पऱ्हाटी उगवत नाई. माह्या मायकडे चाला."

त्यांची माय, भागाबाई, वलगावला राहायची. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचलेला. बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी फाटून फाटून कातड्यासारखी झालेली. मी वही उघडली तशी ती घाबरली. "काय लिवून राहिली व माय? सही तं नाई घेत?" मामा म्हणाले, "सही नाई. तुहं नाव ताई लिवून ठेवते. तू सांग." मग ती जी सुटली, ती दिवेलागणीपर्यंत. फरदड म्हणजे काय, कवडी कशाला म्हणायचं, ओच्यात कापूस भरल्यावर पोटुशीसारखं कसं चालायचं. शेवटी सीतादहीचं सांगितलं : पहिल्या वेचणीच्या दिवशी बांधावर गोटे मांडून, दहीभात शिंपडून वेचायला कसं लागायचं, कोणत्या बाईनं आधी हात लावायचा, आणि तिच्या गावात ते शेजारच्या गावापेक्षा वेगळं का. मी बरेच प्रबंध वाचले होते. एवढं नेमकं कुणीच लिहिलेलं नव्हतं.

निघताना तिनं मुलाला चिठ्ठी वाचायला लावली. मामांनी वाचली : "सांगणार : भागाबाई. ठिकाण : वलगाव. पाहिलेलं." ती म्हणाली, "हे माहं नाव कुठी हाय?" मामांनी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. ती बराच वेळ बोट काढेना.

बसमध्ये मामा म्हणाले, "आमच्या मानसाचं नाव कागदावर कवा येते, ताई? अंगठा घ्याचा असते तवा. अन् ते बी दुसऱ्यानं लिवलेलं." छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून मायलेक नावाच्या बाबतीत हट्टी झाले होते. कोणी "ए भागी" म्हणून हाक मारली तर म्हातारी वळून बघत नसे. कामावर असली तरी नाही.

मामांची लिहिण्याची एक रीत होती. मजकुरात संदर्भ कधी पूर्ण लिहू द्यायचे नाहीत. तिथं चौकटी कंसात नुसती खूण : [भागा-दही], [परतवाडा-आडत्या]. बाकीचं सगळं पेटीत, डोक्यावर तीच खूण असलेल्या चिठ्ठीवर. कारण तोच मजकूर तीन ठिकाणी जायचा. विद्यापीठाला जाणाऱ्या प्रतीत नाव पानाच्या तळाशी लागतं. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तळटीप चालत नाही, तिथं नाव वाक्यातच ओवायचं : 'वलगावच्या भागाबाई सांगतात'. आणि पुस्तक निघालं तर सगळी नावं शेवटच्या सूचीत, अक्षरवारीनं. "मजकूर एकच, आंगडे तीन," मामा म्हणायचे. "वावरात येगळं, बजारात येगळं, लग्नात येगळं. पन आंगडं बदलवलं म्हनून मानूस नाई बदलवाचा."

मला ही रीत गावंढळ वाटली. [भागा-दही] ही काय विद्वत्ता झाली? एका दुपारी मामा ग्रंथालयात असताना मी बसून साऱ्या खुणा खोडल्या आणि तांबड्या शाईनं आकडे घातले. एक ते दोनशे बारा. चिठ्ठ्यांवरही तेच आकडे. मामांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आकड्याले घर नसते, ताई. उद्या पान सरकलं तं तो कोनाच्या घरी जाऊन झोपन?"

पंधरा दिवसांनी माझ्या मार्गदर्शक सरांनी चौथं प्रकरण उचलून पहिलं करायला सांगितलं. मी शहाणीनं मजकुरातले आकडे पुन्हा एकपासून घातले, चिठ्ठ्यांवरचे अर्धे बदलले आणि मैत्रिणीच्या लग्नाला निघून गेले. मामांनी दिसलं तसं टाइप केलं. सरांनी प्रत वाचायला घेतली, तर परतवाड्याचा दाढीवाला आडत्या स्वानुभवानं सांगत होता, की लुगड्याचा ओचा कसा खोचला म्हणजे वेचलेला कापूस सांडत नाही.

आज मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. सरांनी मामांना बोलावलं. "मामा, डोळे गेले का तुमचे? की अक्कल?" मी शेजारीच उभी होते. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चूक माही झाली, साहेब." मी चष्मा काढून पुसत राहिले. त्या काचांवर काही नव्हतं.

मग मामांनी दोनशे बारा चिठ्ठ्या खाटेवर मांडल्या आणि आठ दिवसांत प्रत्येक चिठ्ठी मजकुरातल्या तिच्या जागी परत नेली. आकड्यांवरून नव्हे, पाठीमागच्या पत्रिकेवरून. "हे देशमुखाच्या पोरीची पत्रिका, म्हंजे वैशाखातली चिठ्ठी, म्हंजे आपन चिखलदऱ्याच्या वाटेवर होतो." शेवटची खूण परत लिहून झाल्यावर मी विचारलं, "मामा, मी तुम्हाला काय देऊ?" त्यांनी टाइपरायटरवर फडकं झाकलं. "प्रबंध तं कपाटात बसते, ताई. पुस्तक मानसाच्या हातात जाते. तुमचं पुस्तक निघन, तवा मायचं नाव छापून आलं पाह्यजे. तिचं बोट ठेवाचं हाय मले त्याच्यावर. बाकी काई नको."

मी म्हणाले, "मामा, हे काय सांगायला हवं?"

हवं होतं.

पदवी मिळाली, लग्न झालं, मी अकोल्याला आले. सासरी सगळे मला 'डॉक्टरीणबाई' म्हणत आणि पडसं झालं की औषध मागत. माझं नाव छापलेलं पुस्तक सासऱ्यांच्या कपाटात कधी एकदा जाऊन बसतं असं मला झालं होतं. एका प्रकाशकांनी होकार दिला. पत्रात एक सूचना होती : पृष्ठे वाढतात, तरी मुद्रित ग्रंथांचे संदर्भ तेवढे ठेवावेत, ग्रामीण निवेदकांची नावे गाळावीत. म्हणजे वाचलेलं राहू दे, सांगणारे जाऊ देत.

मला तिसरं आंगडं माहीत होतं, दुसरंही माहीत होतं. सूची नको तर नाव वाक्यात ओवता आलं असतं, दोन शब्दांचं काम. पुरवणीतल्या लेखात मीच तसं केलं होतं. पण पुन्हा सगळं लिहून काढायचं म्हणजे दिवाळी हुकली असती, आणि दिवाळीला माहेरची माणसं येणार होती. मी उलटटपाली कळवलं, "आपली सूचना मान्य आहे." तेवढं पत्र मात्र मी फार सुवाच्य लिहिलं होतं.

पुस्तक निघाल्याचं कळताच मामा बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला आले. बरोबर वलगावचे भुईमूग. हात धुतले, धोतराला पुसले आणि मगच पुस्तक घेतलं. आधी शेवट उघडला. सूचीत 'भ'वर बोट आलं, पुढे गेलं, परत आलं. मग त्यांनी सीतादहीचं पान शोधलं. एकसष्टावं. सावकाश मोठ्यानं वाचलं, "एका वृद्ध मजूर स्त्रीच्या सांगण्यानुसार."

पुस्तक तसंच उघडं ठेवून म्हणाले, "कोणं सांगतलं?"

"मामा, त्याचं असं झालं, प्रकाशकांनी—"

"तुमाले नाई विचारून राहिलो, ताई. पुस्तकाले विचारून राहिलो."

मी म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत नक्की घालते. मामा म्हणाले, "हाव. माय थांबते का तवरक, विचारून पाह्यतो." रागाचा शब्द नाही. चहा घेतला, माझ्या सासूबाईंची तब्येत विचारली. जाताना एक प्रत मागितली. मी तिच्यावर झोकदार सही करून दिली, खाली दोन रेघा ओढून! आजही ती सही आठवली की हात पदराखाली घ्यावासा वाटतो.

त्यानंतर मामा भेटले नाहीत. पत्र मीच लिहिलं नाही. लाजेला आपण 'सवड नाही' असं नाव देतो, आणि ते नाव सगळ्या कागदांवर चालतं. तीन-चार वर्षं गेली. एका दुपारी दारात मामी उभ्या. कपाळ मोकळं, डोक्यावर साबणाचं खोकं. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "गेले. माह्या डोयानं पाह्यलं." मामांच्या घरातली बाई होती, बातमी कशी द्यायची हे तिला ठाऊक होतं.

"पेटी ताईले द्याची म्हने," मामी म्हणाल्या. मग पाणी पिऊन बसल्या आणि म्हाताऱ्या भागाबाईचं सांगू लागल्या. अकोल्याहून परत आले त्या रात्रीच मामा वलगावला गेले होते. मायला दिसेनासं झालं होतं. खाटेपाशी बसून त्यांनी पान उघडलं आणि वाचलं, "वलगावच्या भागाबाई सांगतात." तिचं बोट धरून पानावर ठेवलं. म्हातारीनं विचारलं, "एवढंसंच हाय?" मामा म्हणाले, "छापलेलं बारीक असते, माय." दीड महिन्यानं ती गेली तेव्हा पुस्तक उशाशी होतं. "पन त्या दिवसापासून हे मानूस कोनाले 'कोणं सांगतलं' म्हनून विचारे नाई," मामी म्हणाल्या. "कोनी काई बी सांगो. हाव म्हने."

मामी गेल्यावर मी पेटी उघडली. 'म'च्या पुठ्ठ्यामागे एक चिठ्ठी होती. माझ्याच लग्नपत्रिकेच्या पाठीवर.

[माय]
पान एकसष्टवर तुहं नाव छापलं हाय.
सांगणार : मुलगा.
ठिकाण : वलगाव, घरी.
पाहिलेलं : नाही.

दुसरी आवृत्ती कोणी काढली नाही. आता इतक्या वर्षांनी माझी नात ते पुस्तक नव्यानं तयार करते आहे. तिच्या संगणकात नुसता साधा मजकूर असतो, संदर्भाच्या जागी चौकटी कंसात खूण, आणि साऱ्या माणसांची यादी वेगळी. एक कळ दाबली की छापायचं पुस्तक, दुसरी दाबली की फोनवर वाचायचं, तिसरी दाबली की आणखी कुठलं. नावं आपापल्या जागी जाऊन बसतात. मला वाटलेलं नवल तिला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी म्हणाले, "यात काय मोठंसं? आमच्याकडे साबणाच्या खोक्यात होतं हे."

मामांच्या चिठ्ठ्या मी तिला एकेक वाचून दाखवल्या. छापायच्या प्रतीत सीतादही पान पासष्टवर गेलं होतं. मी म्हटलं, एकसष्टवर आण. ती म्हणाली, "आजी, आधीची चार पानं कुठं टाकू?" मी माझं मनोगत पुढे केलं. त्यात मी किती गावं पायी हिंडले, किती ऊन सोसलं याचं रसाळ वर्णन होतं. निम्मं खोटंच होतं. चार पानं कापली.

पुस्तक हातात आलं. एकसष्टावं पान उघडलं. 'वलगावच्या भागाबाई सांगतात.' त्यावर बोट ठेवलं. माझी बोटं अजून मऊच आहेत.

मग पेटीतली ती चिठ्ठी काढली. शेवटच्या ओळीतलं 'नाही' खोडावं म्हणून पेनही उचललं. पण मामांनी लिहिलं त्या दिवशी ते नाव पानावर नव्हतंच. चिठ्ठी तशीच परत ठेवली, 'म'च्या मागे.