सहा जणांची पावलं

मालिकेत सहा शास्त्रज्ञ होते आणि सहाही जण पाऊलकाकांच्या पायांनी चालायचे.

पडद्यावर माणूस चालताना जे पाऊल ऐकू येतं ते बहुतेक वेळा त्याचं नसतंच. शूटिंगला माइक संवादांवर रोखलेला असतो. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ मागाहून एका बंद खोलीत, चित्र बघत बघत कुणीतरी करतं. मी संकलन करते त्या स्टुडिओत ते काका करत, एकतीस वर्षं. खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे होते: एकात वाळू, एकात खडी, एकावर लोखंडी जाळी, एक नुसत्या फरशीचा. भिंतीशी बुटांनी भरलेली पत्र्याची पेटी. काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवलेली रेकॉर्डिस्ट, दोन लेकरांची आई, तोंडाने फटकळ.

मालिका जमिनीखालच्या प्रयोगशाळेची होती. दार बाहेरून बंद झालंय, आत सहा जण अडकलेत, आणि त्यांतला एक आता माणूस राहिलेला नाही. त्याच्या जागी त्याची हुबेहूब नक्कल वावरतेय. कोण, ते आठव्या, म्हणजे पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात उघड होणार. दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी काकांना कोपऱ्यात घेतलं.

"काका, गुपित तुमच्या पायात ठेवतोय. माणूस चालताना थोडा चुकतो. नक्कल चुकत नाही, तिची दोन्ही पावलं सारखी पडतात. नीट कान देणाऱ्याला शेवटापर्यंत कळलं पाहिजे."

"कुणाची नक्कल?"

"ती झाडंवाली बाई, वनस्पतिशास्त्रज्ञ."

"बायकोलाही सांगायचं नाही?"

"काकूंना तर मुळीच नाही!"

काकांनी सांगितलं नाही, चालून दाखवलं. हा नवराबायकोचा जुना खेळ. ते स्वयंपाकघराच्या दारात चालायचे, ती ओट्याकडे तोंड करून ओळखायची.

"हा कोण?"

"टाचा आपटतोय म्हणजे साहेब असणार कुठला तरी. थोरल्या भाऊजींची चाल चोरलीत की हो!"

"आणि ही?"

बायकोचा भाजी चिरणारा हात थांबला. "बाई आहे. पण काहीतरी बरं नाही तिचं. नका चालू तसं, कसंतरी होतं."

काका दोन दिवस त्याच आनंदात होते.

पाचव्या भागात स्फोट होता. सकाळी काकांनी फरशीवर खऱ्या काचा पसरल्या आणि पातळ तळव्याचे बूट घालून त्यांवर चालले. जाड तळव्याने आवाज मरतो असं त्यांचं म्हणणं. शुगर बारा वर्षांची. उजवा पाय दोन वर्षांपासून बधिर होता, ते मात्र त्यांनी घरी-दारी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी काचा झाडल्या, बूट बदलले आणि साधं चालण्याचं दृश्य सुरू झालं.

"काका, थांबा. उजव्या पायाखाली टिक वाजतंय."

"फरशी पुसलीय मी."

"परत चाला बरं." काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट डोळे मिटून ऐकू लागली. "डावं साफ. उजवं, टिक."

काकांनी बूट बदलले. टिक. तिसरा जोड घातला. टिक.

रेकॉर्डिस्टने हेडफोन उतरवले आणि आत आली. "बूट नाही वाजत हा. मोजा काढा."

मोजा निघेना, रक्ताने चिकटला होता. टाचेत नखाएवढी काच उभी रुतली होती.

"अहो, दुखलं नाही?"

"कळलंच नाही गं."

"मला भिंतीपलीकडून ऐकू येतं आणि तुम्हाला कळत नाही?"

"तुझे कान चांगले आहेत," काका म्हणाले. "चिमटा आण."

जखम मिटली नाही. तीन आठवड्यांनी सूज घोट्यापर्यंत चढली आणि बोटं काळी पडू लागली, तेव्हा बायकोने त्यांना अक्षरशः ओढून सर्जनकडे नेलं. सर्जन पाय बघत राहिला आणि म्हणाला, "आजच्या आज भरती व्हा. आज दोन बोटांवर भागेल. आठवड्याने आलात तर मी कसलाच शब्द देणार नाही."

"दोन भाग राहिलेत," काका म्हणाले.

सर्जनला वाटलं, पायाचेच दोन भाग म्हणताहेत.

बाहेर पायऱ्यांवर बायकोचा आवाज चढला. "दुसरं कुणी चालेल की!"

"दुसरं कुणी चाललं तर सहाही जणांची चाल बदलेल. लोक सहा भाग कान लावून बसलेत. सगळं फुकट जाईल."

"जाऊ दे! खोटी माणसं आहेत ती. पाय खरा आहे."

"आठच दिवस. मग तू म्हणशील तसं."

"मी आत्ता म्हणतेय तसं का नाही?"

काका रिक्षा बघायला लागले.

स्टुडिओत रेकॉर्डिस्टनेही हाताची घडी घातली. "मी मशीन लावणार नाही."

"मग दुसरी कुणी लावेल. तिला तुझे कान नसतील आणि मला एकेक पाऊल दहादा टाकावं लागेल. बघ, तुला काय बरं वाटतं ते."

तिने मशीन लावलं.

आठाचे अकरा दिवस झाले. काका मोठ्या मापाचा बूट आणत, पायावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवत, म्हणजे वास बाहेर येणार नाही. यायचाच. अंगात ताप असायचा. पाय जमिनीला लागला की नाही हे ते पडद्यावरच्या माणसाकडे बघून ठरवत. आठव्या भागात उजवं पाऊल उशिरा पडू लागलं आणि पडताना घासू लागलं. साहेबाचं घासलं, झाडंवालीचंही तसंच घासलं. सहाही जण एकाच दुखऱ्या पायाने चालत होते. काकांना तापाच्या ग्लानीत ते ऐकू आलं नाही. रेकॉर्डिस्टला आलं. प्रत्येक वेळी ती माइकमध्ये म्हणाली, "छान, ओके, पुढचं."

नंतर ती मला म्हणाली, "चुकलं म्हटलं असतं तर त्यांनी परत केलं असतं ना गं." एवढंच म्हणाली.

पाय गुडघ्याखालून गेला.

शेवटचा भाग काकांनी घरी पलंगावर बसून, डोळे मिटून ऐकला. पाचव्या मिनिटाला त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला, आनंदाने ओरडत होता.

"काका, काय डोकं लावलंत! लोक वेडे झालेत. म्हणतात, सगळ्यांची चाल एकच, म्हणजे नक्कल एक नाहीच, सहाही जण कधीच बदललेत! दुसरा सीझन आता तिथूनच उचलतोय."

"साहेब, ती चूक झाली माझी."

"चूकबिक काही नाही! तुम्ही फक्त बरे व्हा. दुसऱ्या सीझनला हीच पावलं लागणार, दुसरी चालणार नाहीत."

"ऑपरेशनचं कळलं ना तुम्हाला?"

"कळलं, कळलं. बोटांचं ना? विश्रांती घ्या."

काकांनी फोन बायकोकडे दिला. तिने तो बंद केला.

महिन्याभराने रेकॉर्डिस्ट बुटांची पेटी घरी पोचवून गेली. त्या दुपारी बायको ओट्यापाशी होती आणि मागून पावलं आली. डावं, उजवं, डावं, उजवं. दोन्ही पायांची, फरशीवर, जवळ येणारी. हातातलं भांडं तिने हळूच खाली ठेवलं. वळायला तिला बराच वेळ लागला.

दाराशी कुणी नव्हतं. ती खोलीत गेली. काका पलंगावरून खाली उतरून जमिनीवर बसले होते. दोन्ही हातांत बायकी बूट घातलेले, कोपरांवरून घाम निथळत होता. स्टुडिओत हाताने पावलं करतात, छोट्या कामांना.

"ओळख," ते म्हणाले. "कोण?"

ती चौकटीला धरून उभी राहिली. खोटं बोलायची इच्छा तिला झाली असणार.

"तुम्ही," ती म्हणाली. "भाजी घेऊन घरी येता ना, तसे."

काकांनी पुन्हा प्रयत्न केला. सावकाश, मान तिरकी करून.

"आता?"

"तुम्हीच."

त्यांनी बूट हातांतून काढले. "झाडंवाली करत होतो मी," म्हणाले. मग दोन्ही बूट टाचेला टाच लावून पेटीत ठेवले आणि झाकण लावताना हात घसरला म्हणून तिने लावलं.